खारशेत हॉल्टचा इतिहास

खारशेत, ता. पालघर
१२ जानेवारी २०२५

मंगला,

आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनवर मला आता काही म्हणजे काही ऐकू येत नाही. भाईंदरच्या भांड्यांच्या कारखान्यात जन्मभर प्रेसचा दणदणाट ऐकला, त्याची ही बक्षिसी. कानात यंत्र घातलं की समोरच्याचं कळतं, फोनवर नुसती खरखर. भावेशला मध्ये घालून तुझ्याशी बोलावं, तर तो बोईसरहून कंपनीतून येतो तोच वैतागलेला. म्हणून लिहायला बसलो.

गावाने या वयात माझ्या गळ्यात एक लोढणं बांधलं आहे. रेल्वेच्या दोन नव्या लाइनी पडतायत, त्यांचं काम पालघर ओलांडून आपल्या हद्दीपर्यंत आलं. त्याबरोबर आपलं बंद पडलेलं हॉल्ट पुन्हा सुरू करा, अशी मागणी करायला समिती झाली. नवं स्टेशन मागितलं तर कोणी दारात उभं करत नाही, पण पूर्वी होतं ते परत द्या म्हटलं तर निदान ऐकून घेतात, असं समितीच्या सचिवाचं म्हणणं. त्यासाठी अर्जाला स्टेशनचा इतिहास जोडायचा आहे. बाबा हॉल्टचे एजंट होते, तेव्हा इतिहास मी लिहायचा असं ठरलं. मला कोणी विचारलं नाही. मला ऐकू येत नाही हे सगळ्यांच्या सोयीचं झालं आहे.

पाहायला गेलो होतो. फलाटावर टाकळा आणि घाणेरीचं रान माजलंय. तिकिटाच्या केबिनचे पत्रे कोणी नेले, चार खांब उभे आहेत. उमरोळीची गाडी पकडायला आपली माणसं त्याच्याच बाजूने रुळांच्या कडेने चालत जातात. गाड्या आपल्या घराच्या भिंती हलवत जातात आणि थांबत एकही नाही.

स्टेशन सुरू कधी झालं, बंद कधी झालं, गाड्या कोणत्या थांबायच्या, तुला आठवेल ते कळव. तुझी आठवण माझ्यापेक्षा बरी. नवसारीला थंडी असेल, जप.

दिनानाथ


नवसारी
२५ जानेवारी २०२५

दादा,

नमस्कार. तुझं अक्षर अजून तसंच, प्रत्येक ओळ उतरणीला लागलेली. पत्र आलं म्हणून इथे केवढी खळबळ. रूपेशने आधी स्वतः फोडलं, मग मला दिलं. कोर्टाची नोटीस आहे का बघत होतो, म्हणाला.

स्टेशन मी सातवीत असताना सुरू झालं. त्याआधी रुळाकाठी नुसता मुरमाचा ढीग होता आणि पावसाळाभर आपण त्यावरून घसरायचो. रेल्वेचा नोकर नसलेलं स्टेशन ते. गावातल्याच कोणीतरी कमिशनवर तिकिटं विकायची. बाबांनी अर्ज केला आणि त्यांना मिळालं. सकाळी दोन शटल, संध्याकाळी दोन. फलाट इतका बुटका होता की बायकांना टोपल्या आधी वर टाकून मग स्वतःला ओढून घ्यावं लागायचं. बंद पडलं ते माझं लग्न झाल्यानंतर दुसऱ्या दिवाळीला. मी भाऊबीजेला येणार होते आणि तुझा निरोप आला की आता पालघरलाच उतर.

आता माझं. दादा, मी दमले. कोणी छळतं असं नाही, उगाच खोटं कशाला बोलू. पण दोन खोल्यांच्या घरात मी हॉलमध्ये झोपते. रूपेशच्या पोरांचं टीव्ही बघून होईपर्यंत मला खुर्चीत ताटकळावं लागतं आणि पहाटे दूधवाल्याच्या आधी गादी गुंडाळावी लागते. हे गेले तेव्हा वाटलं होतं, वर्षभरात सवय होईल. सवय झाली, पण थकवा गेला नाही.

आपल्या मागच्या दारची खोली रिकामी असेल तर मी तिथे येऊन राहू का? ती आईची खोली, मोगऱ्याच्या वाफ्याकडची. माझं जेवण मी बघेन, सूनबाईला त्रास देणार नाही. विचारायला लाज वाटते, पण तुझ्याशिवाय कोणाला विचारू? स्टेशनचं अजून काही हवं असेल तर कळव. खोलीचंही कळव.

मंगला


खारशेत
१६ फेब्रुवारी २०२५

मंगला,

तुझं पत्र समितीत वाचून दाखवलं, म्हणजे स्टेशनचा भाग. सचिव खूष झाला. सोबत मी लिहिलेल्या इतिहासाची नक्कल पाठवतो आहे. चुकलं असेल तर दुरुस्त कर. भाषा जरा सरकारी ठेवली आहे, साहेबांना तशी लागते. बाबांचं नाव त्यात ठळक घातलं आहे. सुरुवातीला ज्यांनी जमीन दिली आणि श्रमदान केलं त्या घरांची नावं आहेत. 'अपुऱ्या उत्पन्नामुळे बंद' असं एका ओळीत उरकलं आहे, कारण त्यावर फार लिहिलं तर मागणीच उलटायची.

पाहणीला साहेब मार्चअखेर येणार म्हणतात. गाव जागं झाल्यासारखं वाटतं. ज्यांनी चाळीस वर्षांत फलाटाकडे ढुंकून पाहिलं नाही, ते कोयते घेऊन रान साफ करायला गेले होते. डोंगरपाड्यावरची जमुना तुला आठवते का? शेवळं, करटुली अशा रानभाज्या विकायला यायची ती. अजून येते, काठी टेकत. माझ्यासमोर उभी राहून बराच वेळ बोलली, पण त्या दिवशी यंत्राचा सेल उतरला होता. तुझं नाव घेत होती एवढं ओठांवरून कळलं.

बाकी घरचं ठीक. मोजणीवाले येऊन गेले, इकडे तिकडे दगड पुरून गेले. मोगरा यंदा बरा आहे. मी संध्याकाळी वाफ्याशी बसतो, गाड्या मोजत नाही पण बघतो.

खोलीचं बघतो. एकदा स्टेशनचं मार्गी लागू दे. गाडी दारात थांबायला लागली म्हणजे सगळंच सोपं होईल. तब्येत सांभाळ.

दिनानाथ


नवसारी
२ मार्च २०२५

दादा,

इतिहास वाचला. एकदा बसून, एकदा उभ्याने. त्यात सरपंच आहेत, जमीन देणारे आहेत, उद्घाटनाला पेढे वाटणारेसुद्धा आहेत. मी नाही.

तू विसरला असशील असं मला वाटत नाही, तरी लिहिते. एजन्सी बाबांच्या नावावर होती हे खरं. पण मी दहावीला बसले त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत सारा आला आणि त्यांना तिकिटावरचं पालघर की वाणगाव दिसेना. तेव्हापासून लग्न होईपर्यंत खिडकीवर मी बसले. पहाटे दाबयंत्रात तारीख बदलायची, तिकीट खटकन दाबून द्यायचं, हिशेब लिहून पालघरच्या मास्तरकडे पोचवायचा. बाबा शेजारी खुर्चीवर बसायचे, कारण एजंट तिथे असावा लागतो. एजंट तिथे होता, काम मी करत होते. गावात कोणी हॉल्टची खिडकी म्हणत नव्हतं. मंगलाची खिडकी म्हणत.

आणि उत्पन्न अपुरं का पडलं ते तू एका ओळीत उरकलंस. सगळं गाव मुंबईकडे कामाला जायचं आणि सगळ्यांचे पास पालघरपासूनचे. खारशेत ते पालघर एवढ्याशा टप्प्यात तपासनीस चढत नाही, मग त्याचे पैसे कशाला भरा, असा हुशारीचा हिशेब. गाडी गच्च भरून जायची आणि रेल्वेच्या दप्तरी खारशेतला कोणी चढतच नव्हतं. तुझा पाससुद्धा पालघरचा. एजंटाचा मुलगा तू, माझ्या खिडकीसमोरून मान खाली घालून जायचास.

तिकीट कोण काढायचं माहीत आहे? डोंगरपाड्यावरची माणसं. दिवाळी झाली की वीटभट्टीवर निघायची, डोक्यावर मडकी, काखेत कोंबडी, पोरं मागे. एकेक घर उभं राहून वसईचं तिकीट काढायचं. त्यांच्यावर ते स्टेशन चाललं. तुझ्या इतिहासात तेही नाहीत. पुढे भट्टीवाले टेम्पो पाड्यावरच पाठवायला लागले, मी सासरी गेले, खिडकीवर बसायला कोणी राहिलं नाही आणि शटल थांबायची बंद झाली. पालघरचे मास्तर बाबांना म्हणाले होते, एजन्सी मुलीच्या नावावर करून घ्या, काम तीच करते. बाबा म्हणाले, मुलीचं नाव आज आहे, उद्या सासरचं. आणि दोन महिन्यांत नवसारीचं स्थळ ठरवलं. तेव्हा मी रडले नाही. आता तुझी नक्कल वाचून रडले, याचा मला फार राग आला.

दुसरं. परवा भावेशचा फोन आला होता. घराच्या सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, हक्क सोडल्याची सही द्यायला पालघरच्या निबंधक कचेरीत यावं लागेल, गाडीने नेतो आणतो म्हणाला. बहिणी सही देतातच, त्याचं मला काही नाही. पण तू खोलीचं बघतो म्हणतोस आणि तुझा मुलगा सही मागतो. मग हे इतिहासाचं, आठवणींचं, सगळं मला सहीसाठी गोड करायला होतं का? तसं असेल तर सरळ सांगायचं होतंस. मी एवढी लांबची झाले नव्हते.

राहू की नको, एवढंच लिही. नको असेल तर काहीच लिहू नकोस, मी समजून घेईन.

मंगला


खारशेत
२० एप्रिल २०२५

मंगला,

उशीर झाला. पाहणी झाली की चांगली बातमी घेऊनच लिहीन असं मनाशी धरलं होतं, आणि पाहणी पुढे पुढे जात राहिली. साहेब परवा आले.

आधी ते सांगतो. तुझ्या पत्रावरून मी इतिहास नव्याने लिहिला. सचिव म्हणाला, हे पाल्हाळ काढा, साहेबांना कशाला. मी ऐकू न आल्यासारखं केलं. या बहिरेपणाचा एवढा एक उपयोग झाला. फलाटावर मांडव घातला होता. साहेब तरुण, तोंडाने बरा. त्याने पहिली दोन पानं चाळली आणि विचारलं, आज इथून किती जणांचे पास आहेत? गावातली मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. काहींचे उमरोळीचे, बाकी सगळ्यांचे पालघरचे. तेव्हा जमुना पुढे आली. यंत्र चालू होतं, आणि ती बोलते ते तसंही डोंगरापलीकडे जातं.

"फुकट कदी नाय गेलो आमी," ती साहेबाला म्हणाली. "हितं मंगलाबाय बसायची. तिकीट हातात दिल्याबिगर गाडीत चढू द्यायची नाय. पोराला ताप हाय म्हनलं तरी पयलं तिकीट, मंग तिच्याच लोट्यातलं पानी. ती गेली नं टेसन गेलं. तुमी तिला इचारलं काय?"

साहेबाने विचारलं, मंगलाबाई कोण. माझ्याकडे सगळे बघायला लागले. माझी बहीण, मी म्हणालो. त्याने ते लिहून घेतलं. कशासाठी कोण जाणे, कारण जाताना त्याने सांगून टाकलं की इथे हॉल्ट बसत नाही, उमरोळी जवळ आहे आणि नव्या लाइनीला हाच फलाट लागतो. पुढच्या आठवड्यात तोडणार. मांडववाल्याने खुर्च्या उचलायला सुरुवात केली तेव्हा साहेबाचा चहासुद्धा संपला नव्हता.

आता घराचं. हे मी तुला फेब्रुवारीतच सांगायला हवं होतं. मोजणीवाल्यांनी पुरलेला दगड आपल्या पडवीच्या आत आहे. लाइनीत ओटी जाते, माजघर जातं. मागे उरतं स्वयंपाकघर, आईची खोली आणि मोगऱ्याचा वाफा. स्टेशन झालं तर आखणी बदलेल, घर वाचेल, असं मी धरून बसलो होतो. तुला काय लिहू, ये पण घर राहणार नाही, असं?

भावेशने बोईसरला फ्लॅट बघितला आहे. मागे उरेल तो तुकडा एका गोदामवाल्याला द्यायचा त्याचा बेत आहे. त्याचं चुकतं असंही मला म्हणता येत नाही. रोज रात्रपाळी करून या धुळीत झोप लागत नाही त्याला, आणि तुकड्यात राहून करायचं काय असं सूनबाई विचारते. फ्लॅटमध्ये दोन खोल्या आहेत. मला हॉल दाखवला. तुझ्यासारखंच, गादी गुंडाळायची.

मी नाही म्हणालो तर म्हणतात, बाबांना ऐकू येत नाही, समजतही नाही. पण तुझं नाव सातबाऱ्यावर आहे तोवर तो तुकडा विकता येत नाही. वकिलाने भावेशला तसं सांगितलं, मी त्याच्या समोर बसलो होतो. सगळे मोठ्याने बोलत होते आणि मला सगळं कळत होतं.

तर मंगला, सही करू नकोस. त्याने तुला फोन केला हे मला तुझ्या पत्रातून कळलं. तो येईल, गोड बोलेल, मनाने वाईट नाही तो. तरी करू नकोस. मागच्या दोन खोल्या आपल्याला पुरतात. तू आईच्या खोलीत, मी चुलीपाशी. गाड्या अगदी भिंतीला लागून जातील, पण मला ऐकू येत नाही आणि तुला त्यांची सवय आहे.

तुला ये म्हणायला हवं. पण या घरात माझ्या ये म्हणण्याला आता कोणी विचारत नाही, आणि माझ्या शब्दावर येऊन तू दारात अवघडून उभी राहावीस हे मला सोसणार नाही. तुझा हक्क मात्र कोणाला मोडता येत नाही. म्हणून ये म्हणत नाही, सही करू नकोस म्हणतो.

पत्र उद्या स्वतः पालघरला जाऊन टाकतो, म्हणजे लवकर मिळेल.

दिनानाथ


नवसारी
४ मे २०२५

दादा,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. भावेश त्याआधीच्या गुरुवारी येऊन गेला.

मार्चपासून तुझी एक ओळ नव्हती. नको असेल तर लिहू नकोस असं मीच लिहून बसले होते, तेव्हा तू लिहिलं नाहीस म्हणजे नको, असा मी अर्थ लावला. भावेश पहाटे गाडी घेऊन आला, माझ्या पाया पडला. वाटेत मनोरला थांबून मला शहाळं पाजलं. आत्या, कंबर दुखत असेल तर मागे आडवी हो, म्हणाला. तू म्हणतोस तसाच आहे, मनाने वाईट नाही. कचेरीत माझा फोटो काढला, अंगठा घेतला, सह्या घेतल्या. राजीखुशीने सोडताय ना, म्हणून बाईंनी विचारलं. मी हो म्हणाले.

सगळं दुपारी उरकलं. मी भावेशला म्हटलं, एवढं आलोय तर दादाला बघून जाऊ. तो म्हणाला, रस्ता खोदून ठेवलाय, बाबा आता झोपले असतील, उठवलं की त्यांना चक्कर येते. मग मी आग्रह केला नाही. सही करून परत निघालेली बाई कशाला आग्रह करेल? पालघरहून तुझ्यापर्यंत रिक्षाने जाता आलं असतं हे मला मनोर गेल्यावर सुचलं.

तुझं पत्र वाचल्यावर मी रूपेशला विचारलं, ती सही मागे घेता येईल का. त्याने कोणाला तरी फोन केला. नोंदवलेली सही अशी मागे येत नाही म्हणाले. फसवलं म्हणून कोर्टात जायचं तर जा. भावेशवर मी कोर्टात जाणार नाही. त्याने मला फसवलं नाही. त्याने सही मागितली आणि मी रागावून दिली, भावेशवर नाही, तुझ्यावर.

जमुनेला सांग की मला तिचं बोलणं पोचलं. साहेबाने माझं नाव लिहून घेतलं हे वाचून मला बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली.

आता मला राग नाही. खूप दमणूक आहे, पण राग नाही. तू मला ये म्हणाला नाहीस, कारण हक्क आहे, त्या जोरावर मी येईन असं तुला वाटलं. बाबांनी खिडकी माझ्या नावावर केली नाही, आणि परवा मी माझंच नाव माझ्या हाताने खोडून आले. आता तिथे माझं काही नाही. गोदामवाला कधी येणार, त्या दोन खोल्या किती दिवस उभ्या आहेत, हे तुलाही माहीत नसेल. मला त्या कायमच्या नकोत. उभ्या आहेत तोवर चालतील. आठवडा मिळाला तर आठवडा.

पण मी आपणहून येणार नाही. भावेशला विचारून येणार नाही, सूनबाईच्या परवानगीने येणार नाही. घरात तुझ्या शब्दाला कोणी विचारत नसेल तर नसू दे. मला त्यांचा शब्द नकोच आहे. दारात अवघडून उभं राहावं लागलं तर राहीन, मला त्याची सवय आहे.

पोस्टकार्ड घे, एकच शब्द लिहायचा आहे, मोठ्या अक्षरात लिही.

दादा, मला ये म्हण.

मंगला